काळी एक पिवळी आहे

पेटी शिकवणाऱ्याच्या तोंडी दिवसभर दोनच रंग असतात. ‘काळी एकचा सा धर’, ‘तुझी पट्टी पांढरी दोन’, ‘ताईंना काळी चार द्या’. हे रंग आमच्या लेखी केव्हाच रंग राहिलेले नाहीत, ते पत्ते झालेत. पिंपळगावात उतरून कुणी पिंपळ शोधत नाही, तसं.

उमरखेडच्या माझ्या वर्गात एका संध्याकाळी मी नेहमीच्या सवयीनं ‘काळी एक’ म्हणालो आणि मागे बसलेली नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “सर, ती काळी नाही. पिवळी आहे.”

पोरं हसली, मीही हसलो. पट्टीचा रंग उडून खालचं लाकूड दिसत असेल म्हणून वाकून पाहिलं. पट्टी चांगली काळीकुट्ट होती. “दिसते काळीच, सर. पण वाजते पिवळी.” कसली पिवळी, म्हणून विचारलं. “हळदीसारखी.” मग जरा थांबून तिनं दुरुस्ती केली. “पॉलिशची हळद नाही. हळकुंड मोडल्यावर आत असते ना, तशी.”

ज्यांनी हळद फक्त डब्यातली पाहिली आहे त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. पैनगंगेच्या अलीकडे उमरखेड, पलीकडे हदगाव, आणि तिथून वसमत-हिंगोलीपर्यंत हळदीचा मुलूख आहे. फेब्रुवारी-मार्चात हळद निघते, कुकरात शिजते आणि मग कित्येक दिवस उन्हात पडून असते. वाळलेलं हळकुंड बाहेरून मातकट दिसतं. ड्रममध्ये घालून पॉलिश केल्यावर त्याला बाजारचा पिवळा चढतो. पण तेच हळकुंड काडकन मोडलं, तर आतला रंग पिवळ्यात बसत नाही की केशरीत बसत नाही. त्याला आमच्याकडे वेगळं नाव नाही. व्यापारी मोडतो, बघतो आणि भाव सांगतो. हा रंग एका सुराला देणारं पोर थापा मारत नसतं. थाप मारणारा नुसतं ‘पिवळा’ म्हणून मोकळा होतो, पॉलिशच्या आधीचा की नंतरचा या भानगडीत पडत नाही.

हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या संध्याकाळी मी “बरं बरं, आता पलटे वाजव” एवढंच म्हणालो. तिनं पलटे वाजवले आणि पुढचे कित्येक महिने रंगाचं नाव काढलं नाही. पुढे जी वही छापली आहे ती याच मुलीची. तिचं नाव द्यायचं नाही असं तिच्या घरच्यांशी ठरलं आहे. वहीला प्रस्तावना हवी म्हणून लिहायला बसलो खरा, पण वहीपेक्षा आधी मला माझ्या त्या ‘बरं बरं’विषयी लिहायचं आहे.

एका इंद्रियाला मिळालेल्या चाळवणीनं दुसरंही इंद्रिय आपोआप जागं होतं, असा अनुभव काही माणसांना जन्मभर येतो. इंग्रजीतून आलेला शब्द सिनेस्थेशिया. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘एकत्र जाणवणं’. मी इथे सहसंवेदन म्हणणार आहे. कुणाला अक्षरं रंगीत दिसतात, कुणाला आठवड्याचे वार समोरच्या जागेत मांडून ठेवल्यासारखे दिसतात, कुणाला शब्दांना चव असते. आवाज ऐकून रंग, आकार, पोत जाणवणं हा त्यातलाच एक प्रकार. बहुतेकांना हा रंग भिंतीवर उमटलेला दिसत नाही. तो आतल्या डोळ्याला दिसतो, पण बोलावल्याशिवाय येतो आणि हाकलल्यानं जात नाही. हा आजार नाही, मनोविकारांच्या अधिकृत याद्यांत त्याला जागा नाही. लहानपणापासून असतो, आणि असणाऱ्याला तो सगळ्यांनाच असेल असं वाटत असतं. त्यामुळे कित्येकांना आपलं वेगळेपण मोठेपणी, तेही गप्पांच्या ओघात कळतं.

‘कशावरून खरं?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षं लागली. गेओर्ग साक्स नावाच्या जर्मन वैद्यानं १८१२मध्ये आपल्या प्रबंधात स्वतःचेच असे अनुभव नोंदवले. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टननं १८८०च्या सुमारास लोकांना विचारून विचारून माहिती जमवली. पण माणूस सांगतो आणि आपण लिहून घेतो, यापुढे गाडी जाईना. पुढे सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये एक साधी युक्ती केली: आज विचारा, कळू न देता पुन्हा विचारा, आणि ताडून पाहा. १९९३च्या त्यांच्या अभ्यासात शब्द ऐकून रंग दिसणाऱ्यांची उत्तरं वर्षभरानंतर १००पैकी ९२ वेळा तीच आली. ज्यांना असं काही होत नाही त्यांना आठवड्यानंतरच विचारलं होतं, तरी त्यांची जेमतेम ३८ जुळली. बनवून सांगितलेला रंग विसरतो, दिसलेला विसरत नाही. २००६मध्ये ज्युलिया सिम्नर यांच्या गटानं ब्रिटनमध्ये मोजणी केली तेव्हा सगळे प्रकार धरून शंभरात चाराहून थोडी अधिक माणसं निघाली. म्हणजे पन्नास पोरांच्या वर्गात एखाददुसरं पोर असणारच. मी तीस वर्षं पेटी शिकवतो. माझ्यासमोरून अशी किती पोरं पलटे वाजवत निघून गेली असतील, याचा हिशेब मी करत नाही.

आता त्या ‘बरं बरं’कडे येतो. मला तिचं बोलणं नवलाचं का वाटलं नाही? कारण मराठीत ते नवल नाहीच. मैफल रंगते, अभंग रंगतो, गवयाला रंग चढायला अर्धा तास लागतो. कीर्तनाचे भाग पूर्वरंग आणि उत्तररंग. ‘राग’ हा शब्दच मुळात रंगवणं या धातूतला. मराठीत त्याचे दोन अर्थ उरले, गाण्यातला आणि भांडणातला. रंग मात्र त्यातून पुसून गेला आणि शेजारच्या ‘रंगणे’मध्ये जाऊन राहिला. आवाजाला तर आम्ही हात लावून पाहिल्यासारखं बोलतो: जाड, बारीक, धारदार, खरबरीत, गोल, मऊ. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात, आणि ती नीट लागली की आवाज ‘उघडला’ म्हणतात. गळा गोड असतो, सूर कडू लागतो.

याची उलट बाजू मला अधिक मौजेची वाटते. मराठी माणूस नुसतं पिवळं, लाल, पांढरं म्हणून थांबत नाही. प्रत्येक रंगाच्या शेपटीला तो एक आवाज बांधतो. पिवळाधमक. लालभडक. पांढराफटक. काळाकुट्ट. निळाशार. यातल्या काही शेपट्यांना अर्थ असेल, पण आपण त्या अर्थासाठी वापरत नाही, कानासाठी वापरतो. आदलाबदल करून पाहा. ‘पिवळाकुट्ट’ म्हणा, ‘काळाधमक’ म्हणा. व्याकरण गप्प बसतं, कान तक्रार करतो. ज्या भाषेत शाळेत न गेलेली आजीसुद्धा रंगाला आवाज आणि आवाजाला रंग देत बसते, तिथे एखादं पोर ‘हा सूर पिवळा आहे’ म्हणालं तर ऐकणाऱ्याला काय वाटणार? गोड बोलतंय, कविता करतंय, एवढंच. आमची भाषा इतकी उदार आहे की जो अलंकार म्हणून बोलतो आणि जो डोळ्यांसमोरचं सांगतो, त्या दोघांची वाक्यं एकसारखी होतात. अशा पोराला आम्ही खोटं ठरवलं नाही, शाबासकीही दिली. पण त्याचं म्हणणं ऐकलं नाही. पुढची वही छापण्याचं कारण हेच आहे.

शाबासकीचा एक मोठा नमुना सातशे वर्षांहून जुना आहे, आणि तो याच भाषेतला. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. मराठी बोल अमृताशी पैज जिंकतील असं सांगितल्यावर लगेच पुढच्या ओव्यांत काय घडतं ते बघा. शब्दांच्या रसाळपणाच्या लोभानं कानांनाच जिभा फुटतात. शब्द खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा तर माझा रस; नाकाला त्यात सुगंध येतो; डोळ्यांना वाटतं रूपाची खाण उघडली; पूर्ण पद उभं राहिलं की त्याला मिठी मारायला हात पुढे होतात. इंद्रियांमध्ये भांडण लागतं, आणि एकटा सूर्य साऱ्या जगाला जागं करतो तसा तो एकच शब्द सगळ्यांची समजूत घालतो. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०मध्ये, नेवाशाला हे सांगितलं गेलं. त्यात चव आहे, गंध आहे, रूप आहे, स्पर्श आहे. आणि मूळ चाळवणी एकच, कानावर पडलेला शब्द. सहसंवेदनाची याहून नेमकी व्याख्या मला पाठ्यपुस्तकात मिळालेली नाही. यावरून ज्ञानदेवांना सिनेस्थेशिया होता असं कुणी लिहू लागलं तर मी त्या वाटेला जाणार नाही. थोरामोठ्यांवर नवी नावं चिकटवण्याचा हा धंदा सध्या जोरात आहे. मला एवढंच दिसतं की ही कल्पना आमच्या कानाला सात शतकं सरावाची आहे, आणि सरावाची गोष्ट कुणी तपासत नाही.

नेवासं ज्या यादवांच्या राज्यात होतं त्याच राज्यात, ज्ञानेश्वरीच्या सुमारे अर्धं शतक आधी, देवगिरीला सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा गृहस्थ होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, स्वतः दरबारात हिशेबाच्या खात्यावरचा अधिकारी. या हिशेबनिसानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात सातही स्वरांना रंग दिले. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदफुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा, निषाद चित्रविचित्र. हे वाचून ‘बघा, आपल्याकडे हे आधीच होतं’ म्हणत छाती फुगवणारे मला पुष्कळ भेटले. त्यांना एकच विनंती, तोच तक्ता पुढे वाचा. तिथे प्रत्येक स्वराला कूळ आहे, बेट आहे, ऋषी आहे, देवता आहे, छंद आहे. सात स्वरांसमोर सात-सात गोष्टी मांडून विश्वाची घडी बसवण्याचं हे काम आहे. नाट्यशास्त्रात आठ रसांना आठ रंग दिलेत, शृंगाराला श्याम, करुणाला पारव्याचा राखी, रौद्राला तांबडा. तेही याच जातीचं. सुंदर आहे, पण कुणी डोळे मिटून ऐकलं आणि जे दिसलं ते लिहिलं, असं ते नाही. दख्खनेत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रागरागिण्यांची जी चित्रं रंगवली गेली, त्यांतही चित्रकारासमोर रागाचं ध्यान होतं; तानपुरा लागलेला असेलच असं नाही.

माझ्या विद्यार्थिनीनं शार्ङ्गदेवाचा हा तक्ता पहिल्याच फटक्यात मोडला. तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण पेटी न वाजवणाऱ्याला त्यातली मेख चटकन कळणार नाही. आपल्याकडे सा फिरता असतो. गाणारा काळी एकमध्ये गायला तर काळी एक हा सा. बाईनं काळी चार धरली तर काळी चार हा सा, आणि तीच काळी एक आता मध्यम होते. पट्टी तीच, आवाज तोच, नातं बदललं. शार्ङ्गदेवाच्या हिशेबानं सा कुठेही गेला तरी कमळाचाच. मी तिला पाठमोरी बसवलं. काळी एकला सा धरून थोडं वाजवलं. म्हणाली, “पिवळं.” मग सा काळी चारवर नेला, दहा मिनिटं तसंच वाजवत राहिलो, आणि मध्यमावर, म्हणजे त्याच काळी एकवर, येऊन थांबलो. मला वाटलं होतं आता तरी रंग बदलेल. ती म्हणाली, “तीच पिवळी. पण मघाशी ती पुढे येऊन बसली होती, आता भिंतीला टेकून बसलीय.” रंग पट्टीचा, जागा स्वराची! जो सा असेल तो पुढे येऊन बसतो, बाकीचे त्याच्या मागे, आणि पंचम “सा-च्या उजव्या हाताला, थोडा उंच पाटावर”. आयुष्यभर ‘षड्ज-पंचम भाव’ शिकवला, पण पंचमाला पाट मी कधी दिला नव्हता.

तिनं हे सांगितलं तेव्हा मला आनंद झाला आणि खजीलही वाटलं. कारण तोवर मी तिला चुकीच्या पद्धतीनं विचारत होतो. “ही हिरवी का?” असं विचारलं की पोर सरांचं मन राखायला मान डोलावतं. वहीची पहिली तीन पानं याच कारणानं मी गाळली आहेत. त्यांत माझेच रंग अधिक आहेत.

युरोपात सुरांना रंग देण्याचा हा खेळ राजरोस आणि फार हौसेनं चालला. न्यूटननं १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये वर्णपटाचे सात भाग सप्तकाच्या प्रमाणात पाडले, सात या आकड्याचा मोह त्यालाही सुटला नाही. लुई बर्त्रां कास्तेल या जेझुइट पाद्र्यानं १७२५मध्ये पट्टी दाबली की रंग दिसेल अशा वाद्याची कल्पना मांडली आणि पुढची कित्येक वर्षं त्यापायी घालवली. रशियात स्क्रियाबिननं ‘प्रोमिथियस’ या वाद्यवृंदरचनेत रंगीत दिव्यांसाठी वेगळी ओळच लिहिली. १९११मध्ये मॉस्कोत ती दिव्यांविना वाजली, १९१५मध्ये न्यूयॉर्कला दिव्यांसकट. स्क्रियाबिनला रंग खरोखर दिसत होते की त्यानं तत्त्वज्ञानातून ठरवले होते, यावर आजही वाद आहे, आणि त्याचा रंगतक्ता इतका रेखीव आहे की माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. त्याचाच देशबंधू रिम्स्की-कोर्साकोव. दोघांनाही ‘डी मेजर’ पिवळा. पण ‘सी मेजर’, म्हणजे आमची पांढरी एक, स्क्रियाबिनला लाल आणि रिम्स्की-कोर्साकोवला पांढरा. पांढरी एक ज्याला खरोखर पांढरी होती असा एक तरी माणूस सापडला म्हणून मला उगाच बरं वाटलं.

त्यांच्यात मला जवळचा वाटतो तो फ्रान्सचा ओलिव्हिए मेसियां, १९०८ ते १९९२. त्याला स्वरसमूह ऐकताना रंग दिसत आणि ते तो आपल्या रचनांच्या कागदावर नावानिशी लिहून ठेवी. युद्धकैदी म्हणून जर्मनांच्या छावणीत असताना त्यानं चार वाद्यांसाठी लिहिलेली रचना १५ जानेवारी १९४१ रोजी तिथेच, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांसमोर वाजवली गेली. आणि याच माणसाला एका फ्रेंच संगीतकोशात शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांची यादी सापडली होती. ती त्यानं आयुष्यभर उराशी धरली, त्यातले ताल आपल्या रचनांत गुंफले. देवगिरीच्या हिशेबनिसाचे ताल पॅरिसच्या चर्चमधल्या ऑर्गनवर जाऊन पोचले. ताल त्यानं शार्ङ्गदेवाचे घेतले, रंग मात्र स्वतःचे ठेवले. माझ्या विद्यार्थिनीनंही नकळत तेच केलं.

मेंदूत काय होत असेल याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मी पेटीवाला आहे. चेन्नईत वैद्यक शिकून अमेरिकेत गेलेले व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड हबर्ड यांनी २००१मध्ये मांडलं की मेंदूत शेजारी असलेल्या भागांमध्ये जादा जोडण्या राहून गेल्या तर एकाला जागवताना दुसराही जागा होत असावा. दुसरं म्हणणं असं की जोडण्या सर्वांना सारख्याच असतात, इतरांत त्यांना लगाम असतो. २००२मध्ये लंडनच्या एका गटानं प्रतिमा काढून दाखवलं की अशा माणसांनी नुसते शब्द ऐकले तरी मेंदूतला रंग ओळखणारा भाग काम करू लागतो. इतरांत तो स्वस्थ असतो. हे सहसा घराण्यात चालतं, मात्र आईचे रंग लेकीला मिळतीलच असं नाही. एकाच घरात एकाच सुरावरून कडाक्याचं भांडण होऊ शकतं.

बाकीच्यांनाही यातला चतकोर मिळालेला आहे. एक टोकदार आकृती आणि एक गोलसर आकृती दाखवून ‘किकी’ कोणती आणि ‘बुबा’ कोणती असं विचारलं तर जवळजवळ सगळे टोकदार आकृतीला किकी म्हणतात. रामचंद्रन यांनी हे अमेरिकनांबरोबर तमिळ भाषकांनाही विचारून पाहिलं होतं. कल्पना १९२९मधल्या वोल्फगांग क्योलरची. मराठी माणसाला त्यात विचारण्यासारखं काय आहे? ‘गुळगुळीत’ म्हणताना जीभ घसरते, ‘खडबडीत’ म्हणताना अडखळते. चढा सूर उजळ आणि लहान, खर्ज गडद आणि मोठा, हेही बहुतेकांना वाटतं. २००६च्या एका अभ्यासात सहसंवेदन असणारे आणि नसणारे दोघेही या बाबतीत एकाच बाजूचे निघाले. फरक एवढाच की आम्हाला ‘वाटतं’ आणि तिला दिसतं.

मग हळदच का? इथे मला एक अमेरिकन खेळणं आठवतं. शीतकपाटाच्या दाराला चिकटवायची रंगीत चुंबकी अक्षरं तिकडे घराघरांत होती. ६,५८८ अमेरिकन सहसंवेदकांची माहिती २०१५मध्ये तपासली तेव्हा सुमारे ६ टक्के लोकांच्या बऱ्याच अक्षरांचे रंग त्या खेळण्यातले निघाले. म्हणजे मेंदूची धाटणी जन्माची असली तरी त्यात रंग भरताना तो हाताशी असेल तो डबा उघडतो. आमच्या मुलीच्या डब्यात हळकुंड आहे, फाल्गुनातला पळस आहे, वेचणीला आलेला कापूस आहे. तंबोरा तिला “सरकी काढलेल्या कापसासारखा, बोट आत जाईल असा” जाणवतो. होळीला तांड्यावर लेंगी म्हणताना थाळी वाजते, ती “करवतीच्या दात्यांसारखी, कडेनं चंदेरी”. टाळ बाजरीच्या दाण्यांसारखे सांडतात. मोटारसायकलचा हॉर्न तांबूस आणि चिकट. तिच्या आत्याचं बोलणं जांभळं आहे, पण हे आत्याला सांगू नका असं तिनं वहीत लिहून ठेवलं आहे. मी ते तसंच छापलं.

हे सगळं गोडच असतं असा समज करून घेऊ नये. एका पावसाळ्यात वर्गातली पोरं घेऊन आम्ही सहस्रकुंडाला गेलो होतो. पैनगंगा तिथे काळ्या खडकावरून कोसळते. अलीकडे उमरखेडचा, म्हणजे आमचा जिल्हा, पलीकडे नांदेड. पाणी भरपूर होतं, आवाजानं शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. पोरं फोटो काढत होती आणि ही खडकाकडे पाठ करून उभी. “फार पांढरं होतंय,” म्हणाली. मला वाटलं फेसाबद्दल बोलतेय, म्हणून म्हटलं, “डोळे मीट.” तिनं डोळे उघडेच ठेवले आणि कानांत बोटं घातली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पांढरं कानातून येत होतं.

त्यानंतर मी तिच्या घरी गेलो. आजीनं आधी चहा ठेवला आणि मग हळूच विचारलं, “गुरुजी, लेकराच्या डोळ्याला काही झालं तर नाही ना?” त्याआधी एका डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले होते, आणि शाळेत एका शिक्षकांनी “लक्ष दुसरीकडे असतं” असा शेरा. दोघांचाही दोष मी काढत नाही, माझं ‘बरं बरं’ त्यात तिसरं आहे. मला ठाऊक होतं तेवढं आजीला सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हणजे तिला गाणं दिसतंय. आणि तुम्हाला दिसत नाही.” एवढ्या वाचनानंतर मलाही याहून सुटसुटीत सांगता आलं नसतं.

वहीविषयी दोन गोष्टी. ती क्रमानं वाचायची नाही. कधी एका पानावर बाराही पट्ट्या आहेत, कधी नुसता एक हॉर्न. ज्या नोंदी तिनं काही महिन्यांनी, आधीचं पान न बघता, पुन्हा केल्या, त्या समोरासमोर छापल्या आहेत. बहुतेक जुळतात. दोन पट्ट्या जुळत नाहीत, त्याही तशाच ठेवल्या आहेत. तिचं शुद्धलेखन सुधारलेलं नाही. छापण्यात तिचे रंग आणायचा प्रयत्न केला होता, पण नमुना पाहून तिनं हळदीच्या पानाला “हे पॉलिशचं आहे” म्हणून नापास केलं. म्हणून पुस्तिका काळ्या शाईतच आहे.

गाणं, पेटी, तबला, भजन शिकवणाऱ्यांना एक विनवणी आहे. एखादं पोर सुराबद्दल विचित्र काही बोललं तर पलटे दोन मिनिटं थांबवा. रंगाचं नाव तुम्ही सुचवू नका, ‘कसा?’ एवढंच विचारा. त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख घाला, कागद त्याला न दाखवता ठेवून द्या, आणि दिवाळीनंतर पुन्हा विचारा. त्यासाठी शेवटची चार पानं कोरी सोडली आहेत.

आणि वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून: वहीत जिथे नुसतं ‘काळी’ किंवा ‘पांढरी’ लिहिलं आहे, ती पट्टी आहे. रंग तिनं प्रत्येक ठिकाणी त्याच्या खालच्या ओळीत लिहिला आहे.